दुपट्यातली सुई

परत आलेलं पार्सल गौरी कधी एकदम फोडत नसे. आधी खिडकीच्या गजाला बांधलेल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, पार्सल चारी बाजूंनी त्याच्यासमोर धरायचं, ऑर्डरचा नंबर मोठ्यानं वाचायचा आणि मगच कात्री लावायची. तीन वर्षांत दुपट्याच्या जागी तिला काय काय परत आलं होतं! फाटका टॉवेल, कुणाच्या तरी पोराचा शाळेचा शर्ट, एकदा तर नुसती कन्नड वर्तमानपत्रं. व्हिडिओ नसला की ॲपवाले विचारायचे, पुरावा काय?

ती ढोकीत राहायची. नवरा प्रेमानंद जवळच्या गावातल्या शाळेत क्लार्क होता. गौरी घरून, खरेदीच्या एका ॲपवरून, तान्ह्या बाळांची दुपटी विकायची. मऊ सुती कापडाचे तीन पदर, त्यावर हाताचे टाके. कापड आणणं, बेतणं, फोटो काढणं, ऑर्डर बघणं, बांधणं हे सगळं तिच्याकडं. टाके घालायला वस्तीतल्याच तीन बायका. त्यांतला सगळ्यात बारीक टाका चांगुणाकाकूंचा. काकू प्रेमानंदच्या नात्यातल्या, दोन घरं सोडून एकट्या राहायच्या. पासष्टीच्या पुढं गेलेल्या, पण दुपटं हातात घेतलं की कडेपासून कडेपर्यंत ओळ अशी जायची की लोक फोटो बघून विचारायचे, हे मशीनचं आहे का?

माल खपत होता. गौरीला दमवलं होतं ते खपल्यानंतरच्या भानगडींनी. एकीला मुलगी होईल असं वाटलं होतं, मुलगा झाला, म्हणून गुलाबी दुपटं परत. एकाला फोटोतल्यापेक्षा पिवळा फिका वाटला. एकीनं बारशाला वापरलं, काजळाच्या बोटांसकट परत पाठवलं आणि कारण लिहिलं, "पसंत नाही." सुरुवातीला गौरी प्रत्येक तक्रार दोनदोनदा वाचायची. जेवताना ताटाशेजारी मोबाइल. एक स्टार दिसला की घास गिळवायचा नाही. प्रेमानंद म्हणायचा, "अगं, ते काय तुला ओळखतात का? एवढं कशाला मनाला लावून घेतेस?"

मग हळूहळू तिनं मनाला लावून घेणं सोडलं. तीन उत्तरं मोबाइलमध्ये साठवून ठेवली. तक्रारीतले पहिले चार शब्द बघायचे आणि तीनपैकी एक उत्तर चिकटवायचं. विकणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळे हेच सांगायचे, की गिऱ्हाईक खोटंच बोलतंय असं धरून चाला, म्हणजे त्रास होत नाही. त्रास खरोखरच कमी झाला होता.

जानेवारीत कारखान्याचा हंगाम भरात होता. उसाचे ट्रॅक्टर दारावरून जायचे आणि धुरळा घरात यायचा, म्हणून गौरी दुपट्यांवर जुनी लुगडी झाकून ठेवायची. अशा एका सकाळी तिला नवा एक स्टार दिसला. जळकोटच्या शिवांजली नावाच्या बाईनं लिहिलं होतं, "दुपट्यात तुटलेली सुई निघाली. माझ्या बाळाच्या पाठीत घुसली. रक्त आलं. इथून घेऊ नका." खाली फोटो होता. तळहातावर सुईचा टोकाकडचा अर्धा तुकडा.

दोन दिवसांनी दुपटं परत आलं. गौरीनं रेकॉर्डिंग लावून पार्सल फोडलं. दुपटं धुतलेलं होतं, साबणाचा वास येत होता. एका कोपऱ्याला दुधाचा पिवळा डाग होता, तो धुऊनही गेला नव्हता. सुईबिई काही नव्हती.

"बघा," ती प्रेमानंदला म्हणाली. "महिनाभर वापरलं, धुतलं आणि आता सुई निघाली म्हणे. सुई निघाली तर त्याच दिवशी नाही का परत करणार?"

"सुईचा फोटो आहे ना पण."

"सुई कुणाच्या घरात नसती?"

तिनं ॲपवर भरपाईचा क्लेम टाकला. पार्सल बांधतानाचा व्हिडिओ, उघडतानाचा व्हिडिओ, डागाचा फोटो. ॲपवाल्यांनी चौथ्या दिवशी निकाल तिच्या बाजूनं दिला. पण तेवढ्यावर तिचं भागलं नाही. शिवांजलीच्या तक्रारीखाली, सगळ्यांना दिसेल असं, तिनं स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं. "वापरून, धुऊन वस्तू परत करणाऱ्यांनी निदान लेकराच्या नावानं सुईचं नाटक करू नये. आमच्या बायका मेहनतीनं काम करतात." ग्रुपवर तिनं ते टाकलं. लोकांनी अंगठे दाखवले. कितीतरी दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ते दुपटं विकता येणार नव्हतं. गौरीनं ते चारपदरी घडी करून इस्त्रीच्या टेबलावर टाकलं. आठ-दहा दिवस त्यावर इस्त्री झाली. मग एका दुपारी इस्त्री फिरवताना खाली काहीतरी खर्रकन अडलं. तिनं इस्त्री उचलून बाजूला ठेवली आणि घडीवरून हात फिरवला. बोटाला टोचलं.

तिनं ब्लेड घेऊन तिथले टाके उसवले. मधल्या पदरात, शिवणीला लागून, सुईचा अर्धा तुकडा आडवा पडला होता. नेढ्याकडचा. नेढ्यात निळ्या दोऱ्याचं सूतभर टोक अजून होतं.

गौरी स्टुलावर बसली. मोबाइल काढून तिनं तो फोटो शोधला. जळकोटच्या बाईच्या तळहातावर टोकाकडचा तुकडा, तिच्या स्वतःच्या तळहातावर नेढ्याकडचा. दोन्ही मिळून एक सुई होत होती.

प्रेमानंद शाळेतून आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिनं त्याला तुकडा दाखवला. त्यानं तो उजेडात धरून बघितला. मग म्हणाला, "बाकीच्या मालाचं काय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोठं लोहचुंबक मागून आणलं. दोघांनी मिळून घरातलं एक-एक दुपटं चटईवर पसरलं आणि त्यावरून चुंबक फिरवलं. चाळीसच्या वर दुपटी होती. एकातही काही निघालं नाही. पण त्याच निळ्या दोऱ्यानं शिवलेली अकरा दुपटी आधीच लोकांच्या घरी गेली होती.

ते दुपटं चांगुणाकाकूंचं होतं. दुसऱ्या कुणाचा टाका तसा नव्हताच.

काकू दारात उन्हाला बसल्या होत्या. मांडीवर दुपटं, शेजारी डबीत ओवलेल्या सुया. त्या सुया गौरीनंच ओवलेल्या. गेलं वर्षभर रोज सकाळी ती काकूंच्या दहा सुयांत दोरा घालून द्यायची. "ओवून ठेव माय, माझा येळ जातो," असं काकू म्हणायच्या. गौरी चहा उकळेपर्यंत ओवून टाकायची आणि पुढच्या कामाला लागायची. आत्ता त्या डबीकडं बघताना तिला पहिल्यांदा कळलं, की येळ जातो याचा अर्थ काय होता.

"काकू, सुई मोडली होती का तुमच्याकडून?"

काकूंचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं, पण गौरीच्या तोंडाकडं नाही, थोडं बाजूला.

"कुणी सांगितलं?"

"मला सापडली. दुपट्यात."

"मोडली व्हती एक," काकू म्हणाल्या. "दिवाळी झाल्यावर. म्या समदं चाचपलं गं. दुपटं झाडलं, लुगडं झाडलं. हाताला काय लागलं न्हाय. वाटलं मातीत गेली असंल."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? सुई मोडली सांगितलं की तू इचारशील, दिसली कशी न्हाय. मग म्हणशील, बसा घरी."

"मी असं म्हटलं असतं का?"

"न्हाय म्हणली असतीस?"

गौरी उंबऱ्यावर बसली. रस्त्यानं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला.

"लेकराला लागलं का कुणाच्या?" काकूंनी विचारलं.

"पाठीला टोचली. रक्त आलं."

काकूंनी मांडीवरचं दुपटं काढून बाजूला ठेवलं. "किती म्हैन्याचं हाय?"

"माहीत नाही," गौरी म्हणाली. तिनं विचारलंच नव्हतं.

त्या आठवड्यात गौरीनं आधी ॲपवाल्यांना कळवलं. क्लेम चुकीचा होता, ग्राहकाचं म्हणणं खरं आहे, निकाल फिरवा. उत्तर आलं, "अभिनंदन! आपला क्लेम आपल्या बाजूने निकाली निघाला आहे." तिनं परत लिहिलं. परत तेच उत्तर आलं. शेवटी हेल्पलाइनला फोन लागला. पलीकडचा मुलगा गोंधळून गेला.

"मॅडम, म्हणजे तुम्ही जिंकलाय, बरोबर?"

"हो, पण जिंकायला नको होतं."

"मॅडम, विकणाऱ्यानं हरण्यासाठी आमच्याकडं ऑप्शन नाहीये."

तो हसला नाही, खरंच शोधत होता बिचारा. तिनं त्याला धन्यवाद दिले.

मग त्या अकरा लोकांना तिनं निरोप पाठवले. दुपट्यात सुई राहिली असण्याची शक्यता आहे, बाळाला घालू नका, परत पाठवा, मी दुसरं देते. चौघांनी दुपटी परत पाठवली. एकीनं लिहिलं, "एकाच्या बदल्यात दोन पाठवा, नाहीतर पोलिसात जाते." एक म्हणाली, "बाळ त्याच्यावरच झोपलंय, काही नाहीये, उगीच घाबरवू नका." गौरीनं तिला चुंबक फिरवून बघायला सांगितलं, तर तिनं ब्लॉक केलं. एकानं आधी रंगाची तक्रार केली होती, त्यानं या निरोपाखालीही रंगाचंच विचारलं. उरलेल्या चौघांनी काहीच कळवलं नाही. परत आलेल्यांत काही सापडलं नाही, आणि न आलेल्यांचं काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

शिवांजलीला मात्र निरोप जात नव्हता. तक्रार बंद झाली की तो रस्ताच बंद व्हायचा. लेबलवर पत्ता तेवढा होता. जळकोट, बसथांब्याजवळ, अमुक हॉटेलच्या मागं.

"मी येऊ का?" प्रेमानंदनं विचारलं.

"नको. लिहिताना कुठं तुम्हाला विचारलं होतं?"

धाराशिवला बस बदलून, तुळजापूर, नळदुर्ग करत ती दुपारी जळकोटला उतरली. पिशवीत एक नवं दुपटं होतं आणि कागदात गुंडाळलेला तो तुकडा. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती शिवांजलीची सासू, कमलबाई.

"मी ढोकीहून आले. दुपट्याचं काम करते. शिवांजलीताई आहेत का?"

"ढोकीत कुठं राहता?"

"भीमनगरात."

"अस्सं," म्हणून म्हातारीनं तिला पायापासून वर बघितलं. गौरीला हे बघणं ओळखीचं होतं. ऑनलाइन माल विकताना एक बरं असायचं, दुकानाच्या नावाला वस्ती नसायची. म्हातारीनं आत हाक मारली.

शिवांजली बाहेर आली. पंचविशीची असेल. खांद्यावर बाळ, साधारण पाच महिन्यांचं. गौरीनं कोण ते सांगितल्याबरोबर तिचा चेहरा बदलला.

"आता काय राहिलं? दुपटं मिळालं ना तुम्हाला?"

"सुई आमचीच होती, ताई," गौरी म्हणाली. वाटेत तिनं बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलं. तिनं कागद उघडून तुकडा दाखवला. "हा राहिलेला अर्धा. मधल्या पदरात होता. मी बघितलंच नव्हतं. तुम्ही खरं बोलत होता."

शिवांजली तुकड्याकडं बघत राहिली. मग तिनं बाळ सासूकडं दिलं.

"बसा, मी चहा टाकते," कमलबाई बाळाला सावरत उठू लागली.

"चहा नको त्यांना," शिवांजली म्हणाली. "आधी ऐकू द्या. तुम्ही काय लिहिलं होतं, आठवतंय का?"

"आठवतंय."

"लेकराच्या नावानं नाटक. ते ह्यांच्या बहिणीनं वाचलं. तिनं सगळ्यांना पाठवलं. ह्यांनी मला विचारलं, खरं सांग, सुई तूच ठेवलीस का? माझं बाळ रडत होतं, आम्ही नळदुर्गला नेऊन त्याला इंजेक्शन दिलं, आणि घरात मला विचारतायत की सुई तूच ठेवलीस का."

कमलबाई बाळाच्या टोपड्याची नाडी नीट करू लागली.

"आधी दोन दिवस बाळ का रडतंय तेच कळत नव्हतं," शिवांजली सांगत होती. "मी धुतलं ते त्याच्यामुळं. वाटलं साबण राहिलाय, टोचत असेल. धुतलं, परत घातलं. परत रडलं. मग हात फिरवला तर टोक बाहेर आलेलं. धुतलं म्हणून मी खोटी."

गौरी उभीच होती. "माझं चुकलं," ती म्हणाली. आणखी काही बोललं असतं तर ते स्वतःच्या बाजूचं झालं असतं. रोजची खोटी रिटर्न, फाटके टॉवेल, काकूंचे डोळे. ते सगळं खरं होतं, पण ते ऐकून घेणं या बाईचं काम नव्हतं.

"मग ते लिहा तिथं. जिथं ते लिहिलंत तिथंच. माझ्यासमोर."

गौरीनं पायरीवर बसून मोबाइल काढला. जुनं उत्तर खोडून लिहिलं, "ही तक्रार खरी होती. सुई आमच्या कामात राहिली. मी तपासलं नाही आणि ग्राहकाला खोटं ठरवलं. ती चूक माझी आहे." शिवांजलीनं ते हातात घेऊन वाचलं आणि पाठवायचं बटण स्वतःच दाबलं. स्क्रीनवर आलं, आपला प्रतिसाद तपासणीसाठी पाठवला आहे.

"म्हणजे?"

"दोन दिवसांत दिसेल."

"माझ्यावरचं लगेच दिसलं होतं," शिवांजली म्हणाली.

तेवढ्यात कृष्णराज, तिचा नवरा, जेवायला घरी आला. मोटारसायकल लावून तो सगळ्यांकडं बघत उभा राहिला. शिवांजली गौरीकडं बघत राहिली. गौरीच्या लक्षात आलं. तिनं उठून त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तो ओशाळला. "जाऊ द्या हो ताई. होतं असं कामात. एवढ्या लांब आलात, तेच लई झालं."

"जाऊ द्या कसं?" शिवांजली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला विचारताना जाऊ दिलं नव्हतं तुम्ही."

कृष्णराज पाय धुवायला मागं गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

नवं दुपटं शिवांजलीनं घेतलं नाही. "ठेवा तुमच्याजवळ. बाळ त्याच्यावर निजलं तर मला आता रात्री झोप लागणार नाही," ती म्हणाली. गौरी निघाली तेव्हा कमलबाईनं तांब्याभर पाणी आणून दिलं. गौरीनं ते घेतलं, उभ्यानंच प्यायली आणि थांब्याकडं चालू लागली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून ती तुळजापूर येईपर्यंत झोपली.

उत्तर तिसऱ्या दिवशी दिसू लागलं. चौथ्या दिवशी ॲपनं तिचं दुकानच बंद केलं. सुरक्षिततेच्या कारणानं. मालाची तपासणी कशी करता, कोण करतं, याचे फॉर्म भरायला लागले. त्यात एक रकाना होता, "तपासणी यंत्राचे नाव." गौरीनं लिहिलं, लोहचुंबक. तो फॉर्म दोनदा परत आला. ग्रुपवर तिनं घडलेलं टाकलं, तर एकानं लिहिलं, "स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला ताई तुम्ही." अंगठे कुणी दाखवले नाहीत.

या रिकाम्या दिवसांत ती चांगुणाकाकूंना घेऊन धाराशिवच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तो काढता येईल. दुसऱ्याची नस गेलीय, त्याला आता उपाय नाही. परतताना बसमध्ये येडशी गेल्यावर काकू म्हणाल्या, "म्हंजी मला कामावरनं काढलंस, असंच ना?"

"टाके नका घालू, एवढंच म्हणते. कापड निवडा, पदर लावून द्या. तुमच्या हातासारखा मऊपणा कुणाला कळतो?"

"पोरीबाळींचं काम हाय ते."

"असू दे."

काकू महिनाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. कापड निवडून द्यायच्या, पण गठ्ठा दारात ठेवून निघून जायच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी निघाली, तेव्हा गौरीनंच औषधाचे थेंब घातले. काकू म्हणाल्या, "तुझं तोंड लई उतरलंय गं. असं कधी झालं?"

"झालं असेल हळूहळू," गौरी म्हणाली.

दुकान पाचव्या आठवड्यात परत सुरू झालं. ऑर्डरी पहिल्यासारख्या येत नव्हत्या. शिवांजलीनं तिचा एक स्टार काढला नाही. गौरी काही दिवस रोज बघायची, मग सोडून दिलं. साठवलेली तीन उत्तरं तिनं पुसली, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला, की प्रत्येक तक्रार परत पूर्ण वाचावी लागू लागली. त्यांतल्या दहापैकी नऊ आधीसारख्याच होत्या.

होळीच्या आधी एका बाईनं लिहिलं, "दुपटं छान आहे, पण टाके एका बाजूला जरा मोठे वाटतात. बाळाच्या बोटात अडकतील का?" सोबत फोटो. गौरीनं तो मोठा करून बघितला. टाके मोठे नव्हते. तरी तिनं ते दुपटं शिवणाऱ्या बाईची उरलेली दुपटी काढली, खिडकीशी नेली आणि एकेक बोटानं तपासत बसली. प्रेमानंद जेवायला बोलवत होता.

"आले," ती म्हणाली. "चार राहिलीत."